पंढरीची गाडी आणि हेर फोलमर यांची अट

रविवार, ९ नोव्हेंबर

ज्या कोणी ही दैनंदिनी छापली, त्याचा मी तीव्र शब्दांत निषेध करतो. सोमवारला अख्खं पान, मंगळवारला अख्खं पान, आणि शनिवार-रविवार यांना मिळून एक. मध्ये एक बारीक रेघ, जणू एका खोलीत पडदा लावून राहणारी दोन बिऱ्हाडं. सहकारी बँकेने जानेवारीत ही दैनंदिनी फुकट दिली आणि तेव्हापासून ती कोरी आहे, म्हणजे हा अन्याय दहा महिने माझ्या नजरेस आला नाही, हा भाग वेगळा. लिहायला घेतली ती नेमकी रविवारी, आणि सांगण्यासारखं घडलं तेही रविवारीच. अर्ध्या पानात मावणार नाही. सोमवारच्या हद्दीत शिरतो. ठाण्याच्या वार्ताहराला अतिक्रमणाचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही.

तर सकाळी पंढरी गाडी घेऊन आमच्या अंगणात आला. पंढरी माजिवडा गावातला, शाळेत माझ्या बाकावर बसणारा. त्याच्या वडलांनी जन्मभर मिठागरात काम केलं. त्यांच्या भातखाचरांवर आता चार टॉवर उभे आहेत आणि त्यांतल्या एकाच्या बाराव्या मजल्यावर पंढरी राहतो. संस्कृतात मला पैकीच्या पैकी गुण पडायचे म्हणून तो मला तेव्हापासून पंडित म्हणतो. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे अजून कळलेलं नाही.

गाडी त्याने दिवाळीआधी घेतली. अकरा वर्षांची जुनी, पण जर्मन. दोन दारांची, बुटकी, निळी. सहा सिलिंडर एका ओळीत. सत्तावन्नाव्या वर्षी माणसं गुडघ्यांना तेल लावतात. पंढरीने हे आणलं.

"काय रं पंडित, या गारीचे आत कंप्युटर हाय, तुना ठाव हाय?"

"असेल बाबा. आजकाल इस्त्रीतही असतो."

"मस्करी नको. मी पाय दाबतू न् ती विचार करते. अख्खा एक सेकंड! माझी बायको पन एवढा विचार करत नाय."

माझी बायको नीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "सखुवहिनींना कळवू का हे?"

"नको गो बाय," पंढरी घाईघाईने म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तो कंप्युटर सुधारून घेतात म्हनं. मंग गारी विचार करत नाय. कसा करावा, कोनाकरून करावा, तू वाचून सांग. तू वाचलास म्हंजे जाला."

मी त्याला आठवण करून दिली की गाड्यांविषयी मी जे काही लिहितो ते त्यांच्या विरोधात. गेल्याच वर्षी घोडबंदर रस्त्यावरच्या कर्कश, सुसाट गाड्यांवर माझी सहा भागांची मालिका आली होती. पंढरी म्हणाला, "त्याचेसाठीच तर तुझेकडं आलू. तुना सगला म्हाईत."

"पण कशाला रे एवढा वेग?"

त्याने टपावरून हात फिरवला. "बापूस अख्खा जलम मिठान अनवानी चालला. मी जरा धावून बघतू."

हो म्हणालो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डोंबिवली एमआयडीसीत जाऊन आलो. तिथे राजरत्न नावाच्या पस्तिशीतल्या इंजिनिअरचं गॅरेज आहे. इतकं स्वच्छ की तेलाचा डाग शोधावा लागतो. त्याने आम्हा दोघांना स्टुलांवर बसवून तीन मार्ग सांगितले.

"पहिला, डबा. सेन्सर आणि कंप्युटरच्या मध्ये लावायचा. तो कंप्युटरला खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे, आणि कंप्युटर बिचारा वाढवत बसतो. स्वस्त पडतो, पण मला नाही आवडत काका. इंजिनाशी खोटं नाही बोलायचं. दुसरा, तयार फाइल. कंपनीचा प्रोग्रॅम काढायचा, दुसरा भरायचा. सगळ्यांना एकच माप, रेडिमेड शर्ट. तिसरा, मापाचा शर्ट. गाडी पळवायची, आकडे रेकॉर्ड करायचे, फाइल बनवणाऱ्याला पाठवायचे. तो सुधारून पाठवतो. परत पळवायची. असं चार वेळा."

मला हे फार ओळखीचं वाटलं. कंपनीचा प्रोग्रॅम हे सूत्र, आणि हा तिसरा मनुष्य वार्तिककार. सूत्रकाराने काय सांगितलं, काय सांगायचं राहिलं आणि काय चुकीचं सांगितलं, ते तपासणारा. मी हे बोलून दाखवलं. राजरत्नने मान डोलावली. पंढरी म्हणाला, "याचा असाच असते, तू पुढं बोल."

"तर मापाचा शर्ट शिवणारा एकच बाप माणूस आहे. जर्मनीत. इंजिनाच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला, फक्त हेच सहा सिलिंडर करतो. पण जाम खडूस. इंग्लिश मेलला रिप्लाय नाही. मी ॲपने ट्रान्सलेट करून पाठवलेलं, तर एकच ओळ आली, की यंत्राने लिहिलेल्या पत्रांना मी उत्तर देत नाही."

एम.ए.नंतर मी तीन वर्षं जर्मन शिकलो, कारण वेदांवर खोलात लिहिणारे निम्मे पंडित जर्मन, आणि मला डॉक्टरेट करायची होती. डॉक्टरेट झाली नाही. जर्मन राहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्याचा उपयोग एकदा झाला, मिक्सरचं माहितीपत्रक वाचताना. त्याच्या मागच्या बाजूला इंग्रजी होतं, हे नीलाने नंतर दाखवलं.

"मी लिहितो त्यांना," मी म्हणालो. दोघेही माझ्याकडे असे बघायला लागले की मी स्टुलावर सरळ बसलो.

निघताना राजरत्न गाडीखाली डोकावला. "टायर नऊ वर्षांचे आहेत, आणि ब्रेकचे रबरी होस, म्हणजे नळ्या, अजून कंपनीच्याच. फाइलच्या आधी ते बघायला पाहिजेत. आणि विमावाल्यांना कळवा, नाहीतर ते हात वर करतात."

"बघू, बघू," पंढरी म्हणाला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पत्र लिहायला तीन सकाळी गेल्या. मला जर्मनमध्ये यज्ञातली पळी म्हणता येते, द्वंद्व समास म्हणता येतो, मंत्रद्रष्टा ऋषी म्हणता येतो. स्पार्क प्लग म्हणता येत नाही. शब्दकोश माळ्यावरून काढला. नीला म्हणाली, "धूळ पुसून घे, ते पुस्तक दचकेल."

सहा तासांत उत्तर आलं. हेर फोलमर (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत), वय त्र्याहत्तर. लिहितात, "माननीय महोदय, आपलं जर्मन माझ्या पणजोबांसारखं आहे. असं पत्र मला या धंद्यात कुणी लिहिलेलं नाही. आपल्या मित्राच्या इंजिनाचं काम मी आनंदाने करीन."

ऑफिसात दिवसभर नळपाणी योजनेची बातमी लिहिली. मधेमधे पत्र उघडून पाहिलं. पाच वेळा. बरं, नऊ.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

फोलमर विचारतात, आपल्याकडे पेट्रोल कसलं मिळतं? पंपावर जाऊन चौकशी केली. कळवलं की त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. उत्तर आलं, "म्हणजे मला एका मद्यपी इंजिनासाठी लिहायचं आहे. हरकत नाही, माझे मेहुणे तसेच होते."

माणूस मला आवडायला लागला आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज आकडे घ्यायचे होते. पडघ्यापर्यंत हायवेने, तिथून खडवलीकडे वळलो. पंढरी चालवायला, शेजारी राजरत्न मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि मागे मी. मागच्या आसनाला आसन म्हणणं हा उपचार आहे. मी तिथे योगासन केलं.

पद्धत अशी. रस्ता सरळ आणि रिकामा पाहिजे. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली, सहा-सात सेकंद, मग सोडायचं.

"थांब, बैलगाडी आहे," मी.

"ती उभी हाय रं."

"मागून टेम्पो येतोय."

"पंडित, तू डोले मिट न् काय तुझा मंत्र बोल."

त्याने पाय दाबला. सात सेकंदांत काटा दीडशेच्या घरात गेला. पाठ आसनात रुतली आणि तोंडातून जो आवाज निघाला तो कुठल्याही संस्कृत धातूपासून आलेला नव्हता. राजरत्न शांतपणे म्हणाला, "एक नंबर. परत."

घोडबंदरच्या मालिकेतल्या तिसऱ्या भागाचं शीर्षक होतं, "कुणासाठी हा जीवघेणा वेग?" आज उत्तर मिळालं. माझ्यासाठी. मला आवडलं, आणि हे लिहिताना लाज वाटते आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

"रोज सकाळी पाचला उठून कुणाला लिहितोस?" नीलाने विचारलं.

"जर्मनीतले एक विद्वान आहेत."

"कशातले?"

"परिवर्तनातले," मी म्हणालो.

ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. उत्तर चुकलेलं असलं की काही बोलत नाही, नुसती बघते. तसं बघितलं.

मंगळवार, २ डिसेंबर

दुसरी फाइल, तिसरी फाइल. गाडी आता खरंच विचार करत नाही. फोलमर यांनी स्वतःच्या बागेतल्या सफरचंदांचे फोटो पाठवले. बायको गेल्यापासून तोडायला कुणी नसतं म्हणून झाडाखालीच पडतात. मी त्यांना आमच्या अंगणातल्या जांभळाविषयी लिहिलं. जांभळाला माझ्या शब्दकोशात जर्मन शब्द नाही, त्याचं वर्णन करण्यात पाऊण पान गेलं. अठ्ठावीस वर्षांत इतकं सुखाचं पाऊण पान लिहिलेलं नाही.

शेवटची, चौथी फाइल मोठी आहे असं ते म्हणतात. खरी ताकद तीत. पण दहा तारखेनंतर ते बहिणीकडे जातात आणि काम थेट वसंतात सुरू करतात.

शुक्रवार, ५ डिसेंबर

फोलमर यांचं चार पानी पत्र आलं. फारच सुंदर. इंजिनाचा श्वास वगैरे कल्पना काव्यात जमा कराव्यात अशा आहेत. पंढरीला फोनवर भाषांतर करून ऐकवलं. तो म्हणाला, "आयला, म्हातारा कीर्तनकार हाय."

शेवटचा परिच्छेद टायर, ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेकचं तेल अशा गोष्टींविषयी होता. चारी टायर आणि नळ्या नव्या बसवून घ्या, तेल बदला, मग लिहा, मग फाइल पाठवतो, तुमचा शब्द मला पुरे, इत्यादी. स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते, हे म्हणणाऱ्याला अमुक मिळेल आणि न म्हणणाऱ्याला तमुक. घाईत असलेले गुरुजी ती गाळतात आणि यजमान तक्रार करत नाही. तसलाच प्रकार, फोनवर मीही तो गाळला. पंढरीच्या मापाचे टायर यायला जानेवारी उजाडेल असं राजरत्न मागे म्हणाला होता, आणि तोवर फोलमर बहिणीकडे. मी लिहून टाकलं, "सर्व झाले आहे." जर्मनमध्ये तीन शब्द.

तासाभरात फाइल आली.

राजरत्नचा फोन. "म्हाताऱ्याने ब्रेक-टायरचं काही लिहिलंय का? तो त्या बाबतीत फेमस आहे."

"नाही, तसं विशेष नाही."

"अजब आहे. मी तर म्हणेन आधी बदलूया."

पंढरी त्याच्याजवळच उभा असावा. मागून आवाज आला, "जर्मन बोलला नाय, मंग तू कनाला बोलतंस? टायर आले का बदलू. भर ती फाइल."

संध्याकाळी आमटीत मीठ जास्त झालं आहे असं मी नीलाला म्हणालो. झालं नव्हतं.

रविवार, ७ डिसेंबर

गाडीचा आवाजच बदलला आहे. आधी ती गुरगुरायची, आता मोकळ्या गळ्याने बोलते. पंढरीने हायवेवर एकदाच पाय दाबला. मग डोळे पुसले. "धूल गेली," म्हणाला. काचा बंद होत्या.

विशेष म्हणजे आज सखुवहिनी पहिल्यांदा गाडीत बसल्या. त्यांचं माहेर खडवलीचं. आजवर त्या "तुमची ती बेरकी गारी नको मना" म्हणायच्या. आज मला म्हणाल्या, "भावजी, तुमी हाव म्हनून बसले." आता दर रविवारी दोघं खडवलीला जाणार.

गुरुवार, ११ डिसेंबर

फोलमर यांचं पत्र, बहिणीच्या घरून. "कामाची पत्रं बंद, पण हे कामाचं नाही, कुतूहल आहे. ब्रेकच्या नळ्या कुठल्या प्रकारच्या बसवल्यात?"

अर्धा तास शोधून मी एका प्रकाराचं नाव लिहिलं. धाग्यांचं वेष्टण, स्टीलचं. शक्य तितकं अचूक लिहिलं. खोटं बोलतानाही संदर्भ तपासायची सवय जात नाही.

लगेच उत्तर. "उत्तम निवड. पुष्कळ लोक मला खोटं सांगतात, म्हणून हल्ली मी सगळ्यांकडून फोटो मागवतो. जो माणूस जांभळासाठी पाऊण पान खर्च करतो, त्याच्याकडे फोटो मागवायची लाज वाटली."

पत्र बंद केलं.

रविवार, १४ डिसेंबर

संध्याकाळी पंढरीकडे गेलो. दोघं नुकतीच खडवलीहून आली होती. सखुवहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे ठेवली. पंढरी खुशीत होता.

"आज मजा जाली. फाटकाजवलचे उतारावर ब्रेक दाबला तं पेडल मऊ. खाली खाली जाते. दोनदा दाबला तवा थांबली. म्हशीचे शेपटाजवल!"

"मऊ म्हणजे?" माझा घास हातात राहिला.

"मऊ म्हंजे मऊ. उशी दाबल्यासारखा. अरं, गारी एवढी पलते, मंग थांबाया टाइम लागनारच."

"पंढरी, ब्रेक राजरत्नला दाखवून घे. उद्याच."

"जर्मननं सांगलाय का?"

आता सांगायचं होतं. तोंड उघडलंही. म्हणालो, "नाही. मला आपलं वाटलं."

"मंग राहू दे. टायरचे टायमाला बघू. ज्यानं इंजिनाचे चार पानां लिवली तो ब्रेकचा इसरंल?"

"मना तं काय भ्याव नाय वाटला," सखुवहिनी म्हणाल्या. "भावजींनी सगला वाचून घेतलाय."

भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या, नाही म्हणता आलं नाही म्हणून. माझं एक खोटं आता इतकं मजबूत झालं आहे की माझ्याच खऱ्या बोलण्याला त्याने आत येऊ दिलं नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

नीलाला सांगितलं. सगळं, जर्मनीतल्या विद्वानापासून.

ती ऐकत होती तोवर ठीक होतं. मग म्हणाली, "ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, सुधीर. अकरावीची पोरंसुद्धा सांगतील. उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं. वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल खाली जातं ते म्हणून."

"मग?"

"मग काय? एक दिवस दुसऱ्यांदा दाबूनही थांबणार नाही."

"सांगतो त्याला."

"कधी?"

"तो फक्त रविवारी काढतो गाडी."

तिने तसंच बघितलं.

बुधवार, १७ डिसेंबर

निवडणुकीचं काम. वेळ झाला नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

वेळ होता.

शनिवार, २० डिसेंबर

संध्याकाळी पाच वाजता बाराव्या मजल्यावर पोचलो. पायऱ्यांनी गेलो, लिफ्ट चालू असताना. दार सखुवहिनींनी उघडलं. कोचावर दुपटी, दुधाच्या बाटल्या, एक मोठी पिशवी.

"उद्या निशिगंधा पन येते," त्या म्हणाल्या. निशिगंधा त्यांची मुलगी. "बालाला पयल्यांदा आयचे मामाचे गावाला न्यायाचा. चार महिन्यांची जाली. मी न् ती मागं बसू."

मागचं ते आसन माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी उभ्याउभ्याच बोललो. नको तितकं संगतवार बोललो, तारखांसकट. पंढरी टीव्ही बंद करून ऐकत होता.

"म्हंजे त्यांनी लिवलेला," तो म्हणाला.

"हो."

"न् तू वाचलेला."

"हो."

"न् मी इचारला तवा नाय म्हनालास."

"हो."

"कनाला रं?"

मी त्याला फलश्रुतीचं सांगायला लागलो. म्हणजे मला ती एक औपचारिक अट वाटली, शेवटी असते तशी, आपल्याकडे गाळतातच. स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो ऐकवत नव्हता.

सखुवहिनी दुपट्याची घडी घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भावजी, आमचे घरान पूजेला फलश्रुती कवाच सोरत नाय. ती ऐकाया तं मानसां बसतात."

पंढरी उठला. खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ही तुझेजवल ठेव. राजरत्न न्येयाला आला का दे." रागावला असता तर बरं झालं असतं. चहा घेतोस का असंही त्याने विचारलं, आणि मी नाही म्हणालो तेव्हा आग्रह केला नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवार, २३ डिसेंबर

राजरत्नने गॅरेजात बोलावलं. काढलेल्या चार नळ्या कागदावर मांडून ठेवल्या होत्या. एक त्याने बोटांत वाकवली. रबराला उभ्या भेगा पडल्या, आणि एका जागी ती लहान मुलाच्या गालासारखी फुगलेली.

"ही उजवीकडची, पुढची. बघून घ्या काका."

बघितली.

"तुम्हाला त्या दिवशी विचारलेलं मी फोनवर," तो म्हणाला. एवढंच.

टायर मुंबईत एकाकडे मिळाले. म्हणजे शोधले असते तर नोव्हेंबरातही मिळाले असते.

पंढरीही आला होता. टायरच्या वॉरंटीचा इंग्रजी कागद त्याच्या हातात होता. सवयीने तो माझ्यापुढे धरला, मग क्षणभर थांबला. "सगला वाचशील ना?" म्हणाला. हसत म्हणाला, पण विचारलं.

मी सगळा वाचला. मोठ्याने. मागची बारीक अक्षरंसुद्धा.

फोलमर यांना पत्र लिहून खरं काय ते कळवलं. काही जुनंपुराणं जर्मन वापरलं नाही. छोटी वाक्यं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

फोलमर यांचं उत्तर आलं. "कळविल्याबद्दल आभार. यापुढे कृपया छायाचित्रे पाठवावीत." खाली सही. सफरचंदांविषयी काही नाही. बरोबर आहे.

दुपारी ऑफिसात पडघ्याजवळच्या एका अपघाताची बातमी आली. कुणी परके लोक, सुदैवाने जखमीच. मी नेहमीचं वाक्य लिहिलं, "चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने हा अपघात झाला." अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य मी हजारदा लिहिलं असेल. आज लिहून झाल्यावर परत वाचलं.

नीलाला वाटतं मला पंढरीच्या मैत्रीची चिंता आहे. तीही आहे. फोलमर यांची लाज वाटते. तो परिच्छेद फलश्रुती वाटला म्हणून गाळला, हेही खरं नाही. ब्रेकच्या नळीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी उठून शब्दकोशात बघितलं होतं, अर्थ नीट समजून घेतला होता, आणि मग ते तीन शब्द लिहिले. पत्रं थांबू नयेत म्हणून.

पण झोप लागत नाही ती याने नव्हे. चौदा तारखेला दुसऱ्यांदा दाबूनही गाडी थांबली नसती, तर बातमी माझ्याकडेच आली असती, कारण तो भाग माझा. मी तेच वाक्य लिहिलं असतं. दोघांच्या अंत्ययात्रेला गेलो असतो, मनापासून रडलो असतो, निशिगंधाला सांभाळून घेतलं असतं. आणि त्या परिच्छेदाबद्दल कुणालाही, अगदी नीलालाही, कधीच सांगितलं नसतं. ते दोघं जिवंत परत आले म्हणून मी बोललो, आणि तेही सहा दिवसांनी. ते आले नसते तर मी गप्प राहिलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे. मला भीती वाटते ती याची.